गाडी पेट्रोल जास्त खाते? आधी माप, मग दोष



“पेट्रोलात इथेनॉल आलं आणि गाडीचं ॲव्हरेज गेलं,” ही तक्रार अलीकडे गावोगावी ऐकू येते. इथेनॉल आपल्याच उसाचे. तेव्हा या तक्रारीला सरळ उत्तर देणे आम्हांस अगत्याचे वाटते. इथेनॉलमुळे ॲव्हरेज थोडे घटते, हे खरे आहे. पण थोडे म्हणजे किती, हे कळले नाही तर आजार रेड्याला आणि औषध पखालीला, असा प्रकार होतो.

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा प्रयोग आपल्या देशात २००१ साली तीन ठिकाणी झाला. त्यांतले एक आपल्या शेजारचे मिरज. जानेवारी २००३ पासून काही राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू झाले. २०२२ मध्ये ते १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेले. एक लिटर इथेनॉल जाळल्यास मिळणारी उष्णता पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश भरते. म्हणजे २० टक्के मिश्रणात एकूण उष्णता ६ ते ७ टक्के कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या धर्तीच्या चारचाकीस ६ ते ७ टक्के, दुचाकीस ३ ते ४ टक्के आणि २० टक्के मिश्रणासाठी जुळविलेल्या चारचाकीस १ ते २ टक्के घट धरली आहे.

आता हिशेब मांडू. लिटरला १८ किलोमीटर जाणारी गाडी इथेनॉलमुळे फार तर १७ वर येईल. ती १३ वर आली असेल, तर महिना १००० किलोमीटरला सुमारे २१ लिटर पेट्रोल जादा जाते. त्यातले इथेनॉलच्या नावावर टाकता येईल ते ३ लिटर. उरलेले १८ लिटर गाडीतला दोष पितो. आणि ज्यांची जीप किंवा ट्रॅक्टर डिझेलवर आहे त्यांनी तर इथेनॉलला बोल लावूच नये. पंपावरच्या डिझेलमध्ये ते नसतेच.

म्हणून पहिले काम माप घेण्याचे. टाकी पंपावर नळी आपोआप बंद होईपर्यंत भरा, किलोमीटरचा आकडा लिहून ठेवा. नेहमीसारखी गाडी वापरा. कराडहून साताऱ्याला दोनदा जाऊन आलात तरी २०० किलोमीटर होतात. मग त्याच पंपावर तशीच टाकी भरा. गेलेल्या किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागा. असे तीनदा करा. काट्यावर नजर ठेवून केलेला अंदाज कामाचा नाही. टायर मोठ्या मापाचे घातले असतील तर किलोमीटर कमी दिसतात, तेही ध्यानात घ्यावे.

माप कमी भरले, तर बिनखर्चाच्या तपासणीपासून सुरुवात करावी.

(१) चाके : हवा थंड टायरमध्ये तपासावी. किती हवी ते चालकाच्या दारापाशी चिकटविलेल्या पट्टीवर असते. हवा कमी असली की गाडी ओढावी लागते.

(२) ब्रेक : पाणंदीच्या चिखलाने ब्रेक अडकतात. दहा किलोमीटर चालवून थांबल्यावर चाकांजवळ हात धरून बघा, टेकवू नका. एकच चाक इतरांपेक्षा फार तापले असेल, तर तिथला ब्रेक धरतो आहे. हँडब्रेक पूर्ण सुटतो का, तेही पाहावे.

(३) इंजिनची उष्णता : हा दोष आपल्याकडे फार आढळतो. गाडी तापते म्हणून काही फिटर थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. मग इंजिन नीट गरम होत नाही, आणि इंजिन थंड आहे असे समजून गाडीतला संगणक जादा पेट्रोल सोडत राहतो. बराच वेळ चालवूनही उष्णतेचा काटा खालीच राहिला, तर थर्मोस्टॅट बघून घ्या.

(४) प्लग व फिल्टर : प्लगचे टोक फिके तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जादा येते आहे. तेलकट ओले असेल तर इंजिन ऑइल जळते आहे. एअर फिल्टर तुंबला की कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीचे ॲव्हरेज पडते. नव्या इंजेक्शनच्या गाडीत मुख्यतः पिकअप जातो. डिझेल गाडी काळा धूर टाकू लागली, तरी आधी एअर फिल्टरच बघावा.

(५) पिवळा दिवा : समोर इंजिनचा पिवळा दिवा लागून राहिला, तर गॅरेजमध्ये मशीन लावून दोष वाचून घ्या. धुराड्यातला ऑक्सिजन सेन्सर बिघडला तरी पेट्रोल जादा जाते.

(६) गळती : पेट्रोलचा वास आला तर गाडी चालवू नका आणि काडी पेटवून तर मुळीच बघू नका. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या तपासून घ्याव्यात. जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही. या बाबतीत मात्र तक्रार रास्त आहे.

शेवटी चालविण्याची रीत. महामार्गावर ८० ऐवजी १०० ने गेलात, तर वाऱ्याचा विरोध दीडपटीहून अधिक होतो. टपावरचे रिकामे कॅरिअर, क्लचवर ठेवलेला पाय, चौकात गप्पा मारताना सुरू ठेवलेले इंजिन, हे सगळे पैसेच जाळते.

एका वेळी एकच दुरुस्ती करावी आणि पुन्हा माप घ्यावे. चार वस्तू एकदम बदलल्या तर पैसे कशाने वसूल झाले ते कळत नाही. वजनकाट्यावर आपण आपल्या उसाच्या किलोकिलोचा हिशेब बघतो. तशीच डॅशबोर्डच्या कप्प्यात एक वही ठेवा. इथेनॉलच्या माथी किती मारायचे आणि फिटरला काय सांगायचे, ते ती वहीच सांगेल.