न्हाणीघराचे नवे दार

घराच्या दर्शनी दाराला तोरण लाभते, दिवाळीपूर्वी रोगणाचा एक हातही मिळतो. न्हाणीघराच्या दाराकडे मात्र ते खालून काळे पडून भुसभुशीत होईपर्यंत कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक फळ्यांचे साधे दार घरच्या घरी तयार करणे हौशी हातांना जमण्यासारखे आहे. करवत, रंधा, पटाशी, गिरमिट आणि गुण्या एवढी हत्यारे व सुट्टीचे दोन-तीन दिवस हाताशी असावेत.

लाकूड आणण्यापूर्वी एका प्रश्नाचा निर्णय करावा. दार कोणत्या बाजूस उघडणार? आपल्याकडे ते बहुधा आत उघडते. एखादी वयस्क व्यक्ती आत पाय घसरून पडली, तर तिचेच शरीर दाराला अडसर ठरते आणि मदतीस धावलेल्यांना दार ढकलताही येत नाही. म्हणून घरात वडीलधारी मंडळी असतील, तर नवे दार बाहेर उघडणारे करावे. त्यासाठी चौकट उखडावी लागत नाही. जुने दार ज्या खाचेत बसत असे, तीत सागवानी पट्टी पक्की करून ती सुमारे 12 मि.मी. पुढे राहू द्यावी. तीच नव्या दाराला टेकण होते. कडीही बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येणारी घ्यावी. आतून लावायची साधी कडी स्वस्त पडते खरी. पण प्रसंग ओढवला की दार फोडण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

माप घ्यावयाचे ते चौकटीचे, जुन्या दाराचे नव्हे. जुने दार वर्षानुवर्षे तासून, झिजून मूळ आकार विसरलेले असते. रुंदी वर, मध्ये व खाली अशी तीन ठिकाणी मोजावी, आणि दोन्ही कर्णही मोजावेत. कर्ण सारखे नसतील तर चौकट कललेली आहे असे समजून दार तिच्याच आकाराचे कापावे. पेचकसाचे टोक चौकटीत सहज रुतले तर मात्र चौकटच कुजलेली आहे. हे काम सुताराकडे सोपवणे श्रेयस्कर.

लाकूड शक्यतो जुन्या इमारतीचे सागवान असावे. ते चांगले वाळलेले असते आणि पाण्याला दाद देत नाही. रंधा मारण्यापूर्वी त्यातील मोडके खिळे शोधून काढावेत, अन्यथा पाते गेलेच म्हणून समजावे. एका फळीच्या कडेची जीभ दुसरीच्या खाचेत बसेल अशा फळ्या करून घ्याव्यात, पण सांध्यांना सरस लावू नये. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही. रुंदीत मात्र पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आटते. दोन फळ्यांमध्ये सुमारे एक मि.मी. फट ठेवली म्हणजे ही हालचाल तेथेच जिरते.

फळ्यांची सपाट बाजू पाण्याकडे ठेवून मागे तीन आडव्या पट्ट्या पेचांनी जोडाव्यात. त्यांच्यामध्ये तिरप्या पट्ट्या येतात आणि येथेच पुष्कळांची गफलत होते. तिरप्या पट्टीचे खालचे टोक बिजागरीच्या बाजूस व वरचे टोक कडीच्या बाजूस असले पाहिजे. तसे असले म्हणजे दाराचे ओझे दाबाच्या रूपाने बिजागरीकडे उतरते. पट्टी उलट बसली तर सारा ताण पेचांवर येतो आणि दार काही महिन्यांत कडीकडून खाली झुकते.

दार टांगण्यापूर्वी खालची व वरची कड रंगवणे अगत्याचे आहे. लाकडाच्या कापलेल्या टोकांतून पाणी फार वेगाने शिरते आणि दार एकदा टांगल्यावर तेथे कुंचला पोहोचत नाही. दारे खालूनच का कुजतात, याचे हे एक मोठे कारण आहे. या कडांना रंगाचे दोन-तीन हात द्यावेत.

बिजागऱ्या तीन घ्याव्यात, पितळी किंवा स्टेनलेस स्टीलच्या. लोखंड गंजते आणि सागवानावर काळे डाग पाडते. पितळी पेच कठीण लाकडात मोडतो, म्हणून गिरमिटाने भोक पाडून आधी त्याच मापाचा पोलादी पेच फिरवून काढावा, मग पितळी पेचाला साबण लावून तो बसवावा. बिजागरीची खाच तिच्या पानाच्या जाडीएवढीच हवी. ती अधिक खोल झाली तर दार पुरते मिटत नाही. अशा वेळी पानाखाली पुठ्ठ्याचा तुकडा घालावा. दाराखाली पाचर देऊन प्रथम प्रत्येक बिजागरीत एकेकच पेच लावावा, दार फिरवून पाहावे आणि मग उरलेले पेच आवळावेत.

दोन्ही बाजूंना व वर 3 मि.मी. मोकळीक पुरते. दार वैशाखात केले असेल आणि घर कोकणात किंवा गोव्यात असेल तर आणखी एखादा मि.मी. सोडावा. एवढे करूनही आषाढात दार थोडे घासू लागले, तर घाईने रंधा मारू नये. घासणाऱ्या जागी पेन्सिलीने खूण करून मेण चोळावे आणि दिवाळीनंतर लाकूड आटले की पुन्हा पाहावे. अगदीच अडत असेल तेव्हाच तेवढा भाग तासावा, व उघडी पडलेली कड त्याच दिवशी रंगवून घ्यावी.