गाव सोडले, तरी कर सुटत नाही

श्रोतेहो, गाय चरली दोन गावांच्या रानांत आणि दूध विकले तिसऱ्याच गावात, तर चराई कोणी मागावी? दोन्ही गावांचे पंच म्हणतील, "गवत आमचे, वाटा आम्हाला द्या." आज आपण अमेरिकेतील अशाच एका वाटणीचा विचार करू. आपल्याकडून शिकून तिकडे नोकरीला गेलेली मुले आता थोडीथोडकी नाहीत. तेव्हा विषय अगदीच परका नाही.

तिकडच्या कित्येक कंपन्या नोकराला पगाराखेरीज शेअर घेण्याचा हक्क देतात. समजा, कंपनी म्हणाली, "आमचे १,००० शेअर आजच्या १० डॉलर भावाने तू पुढे घेऊ शकशील; मात्र ठरलेली मुदत आमच्याकडे काम केले पाहिजे." मुदत भरली की हक्क पक्का झाला. पुढे भाव ५० डॉलर झाला असताना त्याने हक्क वापरला, तर शेअरमागे ४०, म्हणजे एकूण ४०,००० डॉलरांचा लाभ झाला. काही खास योजना सोडल्या, तर कायदा ह्या लाभाला पगारच समजतो.

आपल्याकडे पगारावरचा आयकर केंद्र सरकारचा. पुण्याचा माणूस बंगळूरला गेला, तरी त्यात फरक पडत नाही. राज्याचा म्हणून कापला जातो तो व्यवसाय कर, आणि त्याला राज्यघटनेनेच वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. अमेरिकेत मात्र केंद्राच्या आयकराशिवाय बहुतेक राज्यांचा स्वतःचा आयकर असतो. टेक्सास, फ्लॉरिडा अशा थोड्या राज्यांतच तो नाही.

आता आपला नोकर पाहा. हक्क मिळाला तेव्हा तो न्यूयॉर्क राज्यात होता. तेथे कामाचे ५०० दिवस भरले आणि हक्क पक्का झाला. मग कंपनीने त्याला कॅलिफोर्नियात धाडले; तेथेही ५०० दिवस झाले. शेवटी तो टेक्सासला राहावयास गेला आणि लगेच हक्क वापरला. त्याला वाटले, येथे राज्याचा आयकर नाही, सुटलो! पण छे!

कॅलिफोर्निया मोजते ते हक्क मिळाल्यापासून वापरेपर्यंतचे दिवस. १,००० पैकी ५०० तिच्याकडचे, म्हणून निम्मा लाभ, २०,००० डॉलर, तिचा. त्यावर सध्याच्या १०.२३ टक्के दराने कंपनीने कर कापला, तर तो २,०४६ डॉलर होतो. न्यूयॉर्क मोजते ते हक्क मिळाल्यापासून पक्का होईपर्यंतचेच दिवस. ते सगळे तिच्याकडचे, म्हणून तिचा दावा पुऱ्या ४०,००० डॉलरांवर! लाभ ४०,०००चा आणि दावे ६०,०००वर. दुसऱ्या राज्यात भरलेल्या कराची सूट साधारणपणे राहत्या राज्याकडून मिळते. पण टेक्सासला कर नाही, तर सूट तरी कशातून मिळणार?

ह्यात मालकाची जबाबदारी मोठी आहे. नोकर कोणत्या दिवशी कोणत्या राज्यात काम करीत होता, ह्याची नोंद त्याने ठेवली पाहिजे. त्या-त्या राज्याच्या नियमाने कर कापून त्या-त्या तिजोरीत भरला पाहिजे. माणूस राज्य सोडून गेला किंवा नोकरीच सोडून गेला, तरी हे कर्तव्य संपत नाही. कर कापला नाही, तर तो दंड-व्याजासह कंपनीकडून मागितला जाऊ शकतो.

शिक्षकबंधूंना हजेरीपटाचे महत्त्व सांगावयास नको. येथे हजेरीपटावरच कर ठरतो. म्हणून तिकडे असलेल्या आपल्या मुलाला वा भाच्याला एवढेच कळवा: बाबा रे, कंपनीच्या नोंदीवर विसंबू नकोस. कोठे किती दिवस काम केलेस, ते स्वतःच्या वहीत लिहून ठेव. आणि हक्क वापरण्यापूर्वी जाणत्या हिशेबनिसाला ती वही दाखव. शेअर हाती आल्यावर दिवस आठवत बसणे फार महागात पडते.