नोटेवर न आलेलं जहाज

एक रुपयाच्या नोटेवर समुद्रात उभा असलेला तेलाचा रिग आठवतो? तो ‘सागर सम्राट’. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर त्याने खोदलेल्या विहिरीला फेब्रुवारी १९७४ मध्ये तेल लागलं आणि २१ मे १९७६ ला उत्पादन सुरू झालं. पण तिथे खोदण्यासारखं काही आहे, याचा सुगावा लागला होता दहाएक वर्षं आधी. तेव्हा ‘अकादेमिक अर्खांगेल्स्की’ या सोव्हिएत जहाजावरून भारतीय आणि रशियन तंत्रज्ञ खंभातच्या आखाताच्या परिसरात भूकंपीय सर्वेक्षण करत होते.

कलिंगड घेताना आपण टिचकी मारून कान देतो, तसंच हे काम. पाण्यात दणका द्यायचा आणि खालच्या थरांवरून परतणारा आवाज जहाजामागच्या केबलमधल्या हायड्रोफोनने, म्हणजे पाण्यातल्या मायक्रोफोनने, टिपायचा. आवाज परतायला लागलेल्या वेळावरून थराची खोली कळते. त्या काळी कागदी सेक्शनवर, म्हणजे थरांच्या उभ्या छेदाच्या चित्रावर, रंगीत पेन्सिलीने एकेक थर जोडत जायचे; सर्वेक्षणाच्या दोन रेषांमधली जागा भूवैज्ञानिकाने अंदाजाने भरायची. त्यातून खडकांचा एक मोठा उंचवटा दिसला. या तेलक्षेत्राच्या ‘बॉम्बे हाय’ या नावातला ‘हाय’ तो हाच.

उंचवटा सापडला, तरी आतली रचना कळायची होती. तेल तळ्यासारखं साचलेलं नसतं. इथे ते मुख्यतः चुनखडीच्या छिद्रांत आहे आणि त्या चुनखडीत शेल या चिकणमातीच्या खडकाचे पातळ पदर आहेत. ३० हर्ट्झची लहर खडकातून सेकंदाला ३,००० मीटर वेगाने जात असेल, तर तिची लांबी १०० मीटर. तिच्या पावपटीहून, म्हणजे २५ मीटरहून, पातळ थराचा माथा आणि तळ वेगळे दिसत नाहीत. तो तपशील विहिरीतल्या लॉगवरून, म्हणजे आत उपकरण सोडून घेतलेल्या नोंदींवरून, भरावा लागतो.

पुढे संगणक आले, सर्वेक्षणाच्या रेषा जवळजवळ आल्या आणि सुट्या सेक्शनऐवजी हवा तसा कापता येणारा त्रिमिती ठोकळा हाती आला. परतलेल्या आवाजाच्या जोरावरून छिद्रांत वायू असण्याची शक्यताही जोखता येऊ लागली. हे तंत्र तेल शोधण्यापलीकडेही वापरलं जातं. नॉर्वेच्या स्लाइप्नर क्षेत्रात १९९६ पासून कार्बन डायऑक्साइड समुद्रतळाखाली सोडतात. तो कुठवर पसरला, हे त्याच जागी पुन्हा पुन्हा सर्वेक्षण करून पाहिलं जातं.

इतकं होऊनही पडद्यावरचं रंगीत चित्र हा अंदाजच. शेवटचा शब्द विहिरीचा. म्हणून नोटेवर रिग आला, यात गैर काही नाही. पण त्याला जागा दाखवली ती कान देणाऱ्या जहाजाने.