राहॉय यांचं सरकार एका शुक्रवारी कसं बदललं?

मागच्या भागानंतर एका श्रोत्याने विचारलं, "अविश्वास ठराव जिंकला, पण पुढचा पंतप्रधान कोण हेच ठरलं नसेल तर?" याचं झकास उत्तर स्पेनमध्ये सापडतं. माणूस आहे मारियानो राहॉय.

हे गृहस्थ मूळचे गॅलिसियाचे. चोविसाव्या वर्षी अवघड स्पर्धा परीक्षा पास होऊन मालमत्ता नोंदणी अधिकारी झाले. मग राजकारण. उजवीकडे झुकणाऱ्या पॉप्युलर पार्टीचे पंतप्रधान आस्नार यांनी त्यांना मंत्री केलं आणि पुढे आपला वारसदार म्हणून निवडलं. पण २००४ला हरले, २००८ला पुन्हा हरले. तरी खुर्ची सोडली नाही. शेवटी २०११मध्ये, मंदीने कंबरडं मोडलेल्या स्पेनने त्यांना ३५०पैकी १८६ जागा दिल्या.

थांबून राहणं हीच त्यांची ताकद. २०१५च्या निवडणुकीत बहुमत गेलं, तरी दहा महिने काळजीवाहू राहून ते परत पंतप्रधान झालेच.

मग २४ मे २०१८. गुर्टेल भ्रष्टाचार प्रकरणात कोर्टाने निकाल दिला, की त्यांच्या पक्षालाही त्या पैशाचा फायदा झाला. समाजवादी नेते पेद्रो सांचेझ यांनी लगेच अविश्वास ठराव आणला.

आता खरी गंमत. स्पेनच्या राज्यघटनेत, कलम ११३मध्ये, अट आहे: सरकार पाडायचं तर पुढचा पंतप्रधान कोण, हे ठरावातच लिहायचं. आम्ही इंजिनिअर लोक दुसरा सर्व्हर तयार असल्याशिवाय चालू सर्व्हर बंद करत नाही ना, तसंच. आपल्याकडे अशी अट नाही. १९९९मध्ये वाजपेयी सरकार एका मताने पडलं, पर्यायी सरकार जमलं नाही आणि थेट निवडणूक लागली.

ही अट सरकारला वाचवते, कारण विरोधकांचं एका नावावर एकमत होणं कठीण. सांचेझ यांचे खासदार फक्त ८४. पण राहॉय नकोत, यावर डाव्यांपासून कॅटलान आणि बास्क पक्षांपर्यंत सगळे एक झाले. शुक्रवार, १ जून. बाजूने १८०, विरोधात १६९. लोकशाही आल्यापासून स्पेनमध्ये यशस्वी झालेला हा पहिलाच अविश्वास ठराव. निवडणूक न होता पंतप्रधान बदलला.

आणि राहॉय? त्याच महिन्यात सांता पोला नावाच्या गावात आपल्या जुन्या नोंदणी कार्यालयात रुजू झाले. परीक्षा पास होऊन मिळवलेली ती नोकरी मात्र कुठलाच ठराव काढून घेऊ शकत नव्हता!