कापसाचा तंतू कसा पिकतो

आपल्या कर्जत-खालापूरच्या मातीत भात पिकते, कापूस नाही. तरी कापसाशी आपले नाते जुने आहे. १९१५ साली खोपोलीचे वीजघर सुरू झाले तेच मुळी मुंबईच्या कापडगिरण्या चालवण्यासाठी. त्या गिरण्यांत कापड बिघडले की पहिला प्रश्न असे, साच्यावर कोण होते? बोंडात काय घडले होते, हे कोणी विचारीत नसे.

कापसाचा एकेक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एकेक पेशी. फूल उमलते त्याच सुमारास ती वर डोके काढते आणि पुढे साधारण तीन आठवडे नुसती लांब होत जाते. आतल्या पाण्याच्या दाबाने ताणली जायची, म्हणून भिंत पातळ व लवचिक. तीत सेल्युलोज थोडे. बाकी पेक्टिन, प्रथिने वगैरे, आणि बाहेरून मेणाचा लेप.

लांबी पुरी होत आली की भराव सुरू होतो. भिंतीच्या आतल्या अंगाने जवळजवळ निव्वळ सेल्युलोजचे थर आणखी तीनचार आठवडे बसत राहतात. त्यांतले सूक्ष्म धागे सुतळीसारखे तिरपे वळलेले असतात आणि मधूनमधून पीळ उलटा फिरतो. पिकलेल्या तंतूत शेकडा नव्वदांहून अधिक सेल्युलोजच असते. बोंड फुटले की आतले पाणी सुकते, पोकळ नळी चपटी होऊन पिळवटते. ह्या पिळामुळे तंतू तंतूला धरतो. सूत होते ते त्यामुळे!

पण भरावाच्या दिवसांत पावसाने दडी मारली किंवा कीड पडली, तर लांबी पुरी आणि भिंत मात्र कच्ची राहते. चिमटीत धरून लांबी पाहणाऱ्या व्यापाऱ्याला हे कळत नाही. असे तंतू पिंजताना गुंततात, त्यांच्या बारीक गाठी होतात, आणि रंगवल्यावर कापडावर फिकट ठिपके उमटतात. माझे वडील मुंबईच्या एका गिरणीत साच्यावर होते. अशाच गाठींसाठी त्यांची मजुरी कापली गेली. १९३६ च्या वेतन कायद्याप्रमाणे नुकसानीची कपात कामगाराच्या हयगयीपुरतीच करता येत असे. पण गाठ रुईतली की हाताची, हे ठरवणार कोण?

ते ठरवता येते. माटुंग्याला १९२४ पासून कापसाची प्रयोगशाळा आहे. परीक्षा अगदी साधी. तंतू कास्टिक सोड्याच्या शेकडा अठरा द्रावणात भिजवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा : पिकलेला फुगून काठीसारखा गोल होतो, कच्चा फितीसारखा चपटाच राहतो. म्हणून सूतगिरणीतल्या कामगारांना मी सांगतो, दंडाची नोटीस आली की आधी गासडीच्या परीक्षेचा दाखला मागा.