जंतुसंसर्ग, संप्रेरके आणि सांधेदुखीची पुडी

हळदीच्या शेतात काम करताना पायात काटा मोडतो. ऐन कामाच्या दिवसांत त्याच्याकडे कोण लक्ष देतो? चार दिवसांनी पाय सुजतो, हुडहुडी भरून ताप येतो आणि माणूस बरळू लागतो. सेनगाव तालुक्यातल्या पुसेगावसारख्या गावातून अशा रोग्याला जीपमध्ये घालून हिंगोलीला आणि गरज पडली तर पुढे नांदेडला नेतात. डॉक्टर सांगतात, "जंतुसंसर्गाचा परिणाम सगळ्या शरीरावर झाला आहे, रक्तदाब खाली गेला आहे." मग अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या नातेवाइकांच्या हाती एकेक रिपोर्ट येतो आणि ते चक्रावतात. "यांना कधी शुगर नव्हती, मग एवढी वाढली कशी? आणि थायरॉइडही बिघडला म्हणे!"

हे सारे नवे आजार नसतात. संकटाची चाहूल लागताच मेंदू शरीरातल्या ग्रंथींना कामाला लावतो. या ग्रंथी रक्तात जी रसायने सोडतात त्यांना आपण संप्रेरके किंवा हार्मोन्स म्हणतो. अ‍ॅड्रिनॅलिन आणि कॉर्टिसॉल वाढले की यकृत साखर रक्तात ओतू लागते, इन्शुलिनचा प्रभाव कमी पडतो. म्हणून मधुमेह नसलेल्या माणसाचीही साखर चढते. २००१ साली बेल्जियममधल्या एका अभ्यासानंतर ही साखर अगदी नॉर्मलवर आणण्याची लाट आली होती. पण २००९ साली सहा हजारांहून अधिक रोग्यांच्या चाचणीत दिसले की साखर फार खाली ओढली तर मृत्यू वाढतात. आता साधारणतः १८० च्या वर गेली की इन्शुलिन सुरू करतात आणि १४० ते १८० च्या दरम्यान ठेवतात.

थायरॉइडचे उलटे असते. त्याचे टी-३ हे संप्रेरक काही तासांतच उतरते. दुष्काळात घर खर्च आवरते, तसा हा प्रकार असावा. त्यासाठी सहसा गोळी देत नाहीत. रोगी बरा होऊन घरी गेल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी केली की बहुतेकदा आकडे जागेवर आलेले असतात.

सर्वांत महत्त्वाचे मात्र कॉर्टिसॉल. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहानशा अ‍ॅड्रिनल ग्रंथी ते तयार करतात. एरवी ते पहाटे वाढते, मध्यरात्री उतरते. गंभीर आजारात हा दिवसरात्रीचा हिशेब मोडतो आणि पातळी सतत चढी राहते. ग्रंथी जास्त काम करतात हे एक कारण. २०१३ साली असेही दिसून आले, की या काळात शरीर कॉर्टिसॉलची मोडतोडही कमी करते. हे कॉर्टिसॉल रक्तवाहिन्यांना ताण धरायला मदत करते. ते पुरे पडले नाही, तर सलाईन आणि रक्तदाबाची औषधे देऊनही दाब उभा राहत नाही. अशा वेळी डॉक्टर हायड्रोकॉर्टिसोन देतात, बहुधा दिवसाला २०० मिलिग्रॅम. त्याने मृत्यू टळतात का, यावर अजून एकमत नाही. २०१८ साली सुमारे ३,८०० रोग्यांच्या चाचणीत मृत्यूंत फरक दिसला नाही, मात्र रोगी शॉकमधून लवकर बाहेर आले. त्याच वर्षी फ्रान्समध्ये त्याच्या जोडीला आणखी एक स्टेरॉइड दिले, तेव्हा मृत्यू कमी झाले.

आता पुडीकडे येतो. १९४८ साली अमेरिकेत डॉ. फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका स्त्रीला कॉर्टिसोन दिले आणि काही दिवसांत ती चालू लागली. पुढे त्यांना नोबेल मिळाले. हाच चमत्कार आज कुणीतरी बाजारात पुडीत बांधून विकतो. सगळ्याच पुड्यांत स्टेरॉइड असते असे नाही. पण एका रात्रीत गुडघे मोकळे झाले, भूक वाढली, चेहरा गोल झाला, पुडी थांबवताच दुखणे दुप्पट झाले, तर संशय घ्यावा. बाहेरून आयते मिळते म्हटल्यावर अ‍ॅड्रिनल ग्रंथी काम सोडून झोपी जातात, आणि त्यांना जागे व्हायला कित्येक महिने लागू शकतात. अशा माणसाला जंतुसंसर्ग झाला, घाबरून घरच्यांनी पुडीही बंद केली, तर ऐन लढाईत कोठार रिकामे! डॉक्टरांना ठाऊक असेल तर एका इंजेक्शनने चित्र पालटू शकते. पण आमच्याकडे "कोणती औषधे चालू आहेत?" या प्रश्नाला "काहीच नाही" हेच उत्तर मिळते. पुडीला औषध समजतच नाहीत.

उलटी चूकही महाराष्ट्राने पाहिली आहे. जून २०२० मध्ये, ऑक्सिजन लागणाऱ्या कोरोनाच्या रोग्यांना डेक्सामेथासोनचा फायदा होतो हे सिद्ध झाले. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना फायदा नव्हताच. तरी अनेकांनी घरीच गोळ्या घेतल्या. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत मधुमेह आणि स्टेरॉइड यांच्या जोडीने काळ्या बुरशीने किती डोळे, किती जबडे नेले, ते आपण विसरलेलो नाही.

तेव्हा रोग्याला गाडीत घालताना घरात असलेली पुडी, गोळ्या, रिकामे पाकीट, जे सापडेल ते पिशवीत टाका आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. दम्यासाठी किंवा मूत्रपिंडाच्या विकारासाठी ज्यांना डॉक्टरांनीच स्टेरॉइडच्या गोळ्या रोज दिल्या आहेत, त्यांनी ताप आल्यावर मात्रा किती वाढवायची आणि उलट्यांमुळे गोळी पोटात टिकली नाही तर इंजेक्शनसाठी कुठे जायचे, हे पुढच्या भेटीतच विचारून कागदावर लिहून घ्यावे.