एकेश्वराची ओसरी

आषाढी एकादशीस चंद्रभागेचे वाळवंट नामघोषाने दुमदुमते. अशा पर्वकाळी आम्हांस महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचे स्मरण होते.

१९०१ साली ते धर्माच्या अध्ययनासाठी ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेले. हे विद्यालय युनिटेरियन परंपरेतले. ईश्वर एकच, धर्मविचारात विवेकास मान आणि उपासनेची कसोटी नित्याच्या आचरणात, ही त्या उदार पंथाची धारणा. १९०३ साली परतल्यावर शिंद्यांनी प्रार्थना समाजाचे प्रचारकार्य पत्करले. १९०६ साली मुंबईत अस्पृश्यांच्या उन्नतीसाठी निराश्रित साहाय्यकारी मंडळी स्थापिली. प्रार्थना मंदिरातून निघाली ती शाळेच्या दारी पोहोचली.

त्या पंथास मूर्ती नाही. आम्हांस विटेवरच्या सावळ्या रूपावाचून करमत नाही. हा भेद आम्ही झाकीत नाही. परंतु त्यांची कसोटी आम्हांसही चुकत नाही.

मागल्या आषाढीस आम्ही ‘सर्वांभूती ईश्वर’ या विषयावर दोन तास निरूपण केले. श्रोते डोलले. घरी परतलो, तो ओसरीवर एक वृद्ध वारकरी निजलेला. वाट अडते म्हणून आम्ही त्यास उठविले. तो हात जोडून, ‘माऊली, चुकलं,’ म्हणाला आणि पावसात निघून गेला. संस्कृत वचने मुखोद्गत असलेल्या आम्हांस त्यास हाक मारण्याचे सुचले नाही!

निरूपण आमचे होते; आचरण मात्र त्याचे. यंदा ओसरीवर घोंगडी अंथरली आहे. वाचकहो, आपल्या दारीही आज कोणी टेकला, तर त्यास उठवू नका.